भुताचं येणं कोणाकडे? आशियाई भयपट आणि त्यांच्या रिमेकच्या वादाचा आढावा

हिदेओ नाकाता यांचा 'रिंगू' १९९८ मध्ये जपानमध्ये प्रदर्शित झाला. चार वर्षांनी गोअर व्हर्बिन्स्की यांनी 'द रिंग' नावाने त्याची अमेरिकी आवृत्ती काढली. मूळ चित्रपट सरस की रिमेक, हा वाद तेव्हापासून चालू आहे. एरवी तो जपान, कोरिया, थायलंड विरुद्ध हॉलिवूड असा मांडला जातो आणि मराठी प्रेक्षक त्याकडे लांबूनच पाहतो. वास्तविक हा वाद आपल्या अंगणात केव्हाच आला आहे. विशाल फुरिया यांच्या 'लपाछपी' या मराठी भयपटाचा 'छोरी' हा हिंदी रिमेक त्यांनी स्वतःच २०२१ मध्ये केला. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावाचं नाव घेऊन 'तुंबाड' हिंदीत आला, आणि कोकणातला मुंजा हिंदी पडद्यावर नायकाइतका मोठा झाला. तेव्हा हा वाद नेमका कुठे येऊन थांबला आहे, त्यातल्या बाजू कोणत्या आणि काय अनुत्तरित आहे, हे एकदा नीट मांडायला हवं.

मांडणीच्या ओघात एक सूत्रही सुचवायचं आहे. भुताचं रूप दुसऱ्या देशात नेणं सोपं असतं. लांब केस, पांढरे कपडे, करकरणारा दरवाजा यांना पासपोर्ट लागत नाही. अवघड असतं ते भुताचं मागणं नेणं. त्याला कोणाकडून काय येणं आहे, ते कशामुळे थकलं, आणि शेवटी ते फेडायचं कोणी, हा हिशेब ज्या समाजात मांडला गेला तिथेच पुरता कळतो. रिमेक फसतो किंवा जमतो तो बहुतेक वेळा या हिशेबापाशी.

पार्श्वभूमी

'रिंगू'चं मूळ कोजी सुझुकी यांच्या १९९१ मधल्या कादंबरीत आहे. चित्रफीत पाहणारा सात दिवसांनी मरतो, ही कल्पना आधुनिक; पण विहिरीत टाकलेल्या स्त्रीचं भूत जपानी लोककथांना जुनंच ठाऊक होतं. ओकिकू या मोलकरणीची, विहिरीतून ताटल्या मोजणाऱ्या भुताची गोष्ट तिथे रंगभूमीवर पिढ्यानपिढ्या खेळली गेली आहे. 'रिंगू'चा पहिला रिमेक अमेरिकेत झाला नाही, तो १९९९ मध्ये कोरियात झाला. तिथे जपानी चित्रपटांवर दीर्घकाळ बंदी होती आणि ती १९९८ पासून टप्प्याटप्प्याने उठत होती. रिमेकमागे नेहमी प्रतिभेचा दुष्काळ किंवा पैशाचा हव्यासच असतो असं नाही, कधी राजकीय इतिहासही असतो, हे इथे दिसतं.

व्हर्बिन्स्कींच्या चित्रपटाने जगभरात सुमारे २५ कोटी डॉलर कमावले आणि हॉलिवूडला आशियाई भयपटांचा नाद लागला. ताकाशी शिमिझू यांच्या 'जु-ऑन'चा 'द ग्रज' (२००४), नाकातांच्याच 'डार्क वॉटर'चा त्याच नावाने रिमेक (२००५), कियोशी कुरोसावा यांच्या 'कैरो'चा 'पल्स' (२००६), पांग बंधूंच्या 'द आय'चा, 'वन मिस्ड कॉल'चा आणि थायलंडच्या 'शटर'चा रिमेक (तिन्ही २००८), कोरियाच्या 'अ टेल ऑफ टू सिस्टर्स'चा 'द अनइन्व्हायटेड' (२००९) अशी रांग लागली. दहा वर्षांच्या आत ही लाट ओसरली.

हिंदुस्थानातही त्याच वेळी समांतर वाटचाल चालू होती, पण तिच्यात हक्क विकत घेणं, प्रेरणा घेणं आणि सरळ उचलणं यांच्या सीमा पुसट होत्या. 'द आय'च्या धर्तीवर ऊर्मिला मातोंडकर यांचा 'नैना' २००५ मध्ये आला, 'शटर'च्या कथेवर २००७ मध्ये तमिळमध्ये 'सिवी' आणि २०१० मध्ये श्रेयस तळपदे यांचा 'क्लिक' आला. याच काळात फाझिल यांच्या 'मणिचित्रताळ' (१९९३) या मल्याळम चित्रपटाचे कन्नड, तमिळ, बंगाली आणि हिंदी अवतार होत होते. हिंदीतला 'भूल भुलैया' २००७ चा. म्हणजे आशियाई भयपटाचा रिमेक ही फक्त पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारी गोष्ट नाही. ती आशियाच्या आत, एका देशाच्या आत, एका भाषेतून शेजारच्या भाषेतही होत आली आहे.

पहिली बाजू: रिमेक मुळाचं पाणी करतो

या बाजूचा मुख्य आक्षेप असा की रिमेक फार समजावून सांगतो. 'रिंगू'तलं भूत, म्हणजे सादाको, दूरचित्रवाणीच्या पडद्यातून बाहेर येते ते दृश्य याचा पुरावा म्हणून नेहमी दिलं जातं. तिचा चेहरा केसांनी झाकलेला, चाल अडखळती. कारण अभिनेत्रीला उलटं चालायला लावून ती फिल्म उलटी फिरवली होती. शेवटी दिसतो तो फक्त एक डोळा, बुबुळ खाली फिरवलेला. 'द रिंग'मध्ये तिच्या जागी असलेल्या समाराचा चेहरा दिसतो, मेलेल्यांचे विद्रूप झालेले चेहरे दिसतात, तिच्या लहानपणाच्या वैद्यकीय तपासणीच्या चित्रफिती सापडतात, तिच्या घरचे घोडे का मेले याचाही छडा लागतो. पहिल्या चित्रपटात जे न कळल्यामुळे छळतं, ते दुसऱ्यात कळल्यामुळे पोलीस तपासाच्या अंगाने जातं.

मात्र दोन्हींमधला खरा फरक शेवटात आहे आणि त्याची चर्चा फारच कमी होते. दोन्हीकडे आईला कळतं की चित्रफितीची नक्कल करून ती दुसऱ्याला दाखवली तरच मुलगा वाचेल. 'रिंगू'तली रेइको वडिलांना फोन करते आणि गाडी घेऊन त्यांच्याकडे निघते. नातवाचं मरण आजोबाच्या गळ्यात बांधायला निघालेली लेक आपण पाहतो. 'द रिंग'मध्ये रेचल मुलाच्या हाताने नक्कल करून घेते. आपण ही ज्याला दाखवू त्याचं काय होईल, असं मुलगा विचारतो आणि उत्तर मिळत नाही. जपानी शेवटात देणेकरी घरातला आहे, अमेरिकी शेवटात तो कोणीतरी अनोळखी आहे. एकत्र कुटुंबात वाढलेल्या मराठी प्रेक्षकाला पहिला शेवट जास्त झोंबतो, कारण वडीलधाऱ्यांनी मुलांसाठी झिजावं हे आपण गृहीत धरतो आणि त्या गृहीताचं टोक तिथे उघडं पडतं. पहिल्या बाजूचं म्हणणं इथे सर्वांत भक्कम ठरतं.

दुसरी बाजू: रिमेक हे पुन्हा सांगणं आहे

गोष्ट ज्या गावात सांगायची त्या गावाची होऊन सांगावी, हा तर लोककथेचा धर्मच आहे, असं दुसरी बाजू मानते. 'झपाटलेला' हे तिचं उत्तम मराठी उदाहरण. महेश कोठारे यांच्या १९९३ च्या या चित्रपटाची मूळ कल्पना 'चाइल्ड्स प्ले' (१९८८) या अमेरिकी चित्रपटातली. तिथे गुन्हेगाराचा आत्मा दुकानात मिळणाऱ्या बाहुल्यात शिरतो. कोठाऱ्यांनी तो शब्दभ्रमकाराच्या बोलक्या बाहुल्यात घातला. तो बाहुला रामदास पाध्ये यांनी घडवला होता आणि त्यांच्या वडिलांच्या अर्धवटरावापासून मराठी माणसाला बोलक्या बाहुल्याची ओळख होतीच. त्यामुळे तात्या विंचू नावाचा हा बाहुला परका वाटला नाही. त्याच्या साथीदाराचं नावही कुबड्या खवीस, म्हणजे थेट आपल्या भुतावळीतून उचललेलं. उसन्या कल्पनेने इथे मराठी घर केलं, आणि त्या घरातून ती 'खिलौना बना खलनायक' होऊन हिंदीतही गेली.

शिमिझू यांचा 'द ग्रज' याच बाजूला पडतो. मूळ दिग्दर्शक तोच, घर टोकियोतलंच, कायाको या भुताची भूमिका करणारी ताकाको फुजी तीच. बदलली ती माणसं. परक्या शहरात, भाषा न कळणारी अमेरिकी मंडळी त्या घरात जातात. भुताचं घराणं न बदलता बळींचं घराणं बदलल्यामुळे एकटेपणाची नवी भीती मिळाली. सुमारे १ कोटी डॉलर खर्चून काढलेल्या या चित्रपटाने १८ कोटींहून अधिक मिळवले. हे यश निव्वळ जाहिरातीचं म्हणून सोडून देता येत नाही.

तिसरी बाजू: मूळ म्हणून कशाकडे बोट दाखवणार?

तिसऱ्या बाजूला मूळ आणि नक्कल ही वाटणीच मान्य नाही. 'रिंगू'सुद्धा रूपांतरच आहे. कादंबरीतला पत्रकार पुरुष होता, नाकातांनी त्याच्या जागी घटस्फोटित आई आणली. मराठी भयसाहित्याचा इतिहास या बाजूला मोठं बळ देतो. नारायण धारप यांनी स्टीफन किंगच्या कथा-कादंबऱ्या मराठी मातीत रुजवल्या. 'सालेम्स लॉट'वरून 'लुचाई' आली, 'ग्रॅमा'वरून 'आजी' आली. धारपांच्या कथेने पछाडलेल्या राही अनिल बर्वे यांनी पुढे 'तुंबाड' केला. त्याच्या पहिल्या भागात लहान विनायक अंधाऱ्या घरात साखळदंडाने बांधलेल्या आजीपाशी एकटा सापडतो. ती परिस्थिती अमेरिकेतून मराठीत आणि मराठीतून हिंदीत आली आहे. चित्रपटाचं नाव मात्र श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत'कडून आलेलं, आणि ते गाव खेड तालुक्यात जगबुडीकाठी आहे. यातलं मूळ कोणतं?

प्रश्न रास्त आहे. पण याचं उत्तर 'काहीच मूळ नाही' एवढ्यावर थांबलं तर प्रत्येक हातात गोष्टीचं काय झालं हे तपासायचं राहून जातं. किंगच्या कथेत चेटकीण आजी नातवाचा ताबा घेऊ पाहते. 'तुंबाड'मध्ये तिच्याभोवती हस्तर हा लोभी देव आला, पिठाच्या बाहुल्या आल्या, सोन्याची मोहोर आली, आणि १९१८ ते १९४७ असा काळ आला. भुताचं येणं आता रक्ताकडे नाही, हावेकडे आहे, आणि ती हाव बाप मुलाला शिकवतो. म्हणजे हिशेबच नवा मांडला गेला. 'तुंबाड' स्वतंत्र कलाकृती ठरते ती यामुळे. पावसाने भिजलेल्या देखण्या चौकटी त्यानंतरच्या.

'लपाछपी' आणि 'छोरी': एकाच दिग्दर्शकाचे दोन हिशेब

मराठीपुरतं बोलायचं तर या वादाची खरी कसोटी इथे लागते. 'लपाछपी' जुलै २०१७ मध्ये चित्रपटगृहांत आला. पूजा सावंत यांची नेहा गरोदर आहे, नवरा कर्जात बुडालेला, आणि सावकाराच्या माणसांपासून लपायला दोघं ड्रायव्हरच्या गावी, उसाच्या फडातल्या घरात येतात. तिथे उषा नाईक यांची तुळसाबाई मायेने सगळं करते; फडातून मुलांचे आवाज येऊ लागतात. उलगडतं ते असं की या घराने जन्मलेल्या मुली जगू दिल्या नाहीत. 'छोरी'त नुसरत भरुचा यांची साक्षी तशाच अवस्थेत तशाच घरात येते आणि मीता वशिष्ठ यांची भन्नो देवी तिला सामोरी जाते.

ऊस कोणत्याही भयपटासाठी वरदान आहे. पुरुषभर उंच, चारी बाजूंनी सारखा, आत शिरलं की दिशा हरवते आणि पात्याच्या सळसळीत पावलांचा आवाज मिसळून जातो. तो पश्चिम महाराष्ट्रातही आहे आणि उत्तरेतही, त्यामुळे जागा बदलताना काही गमवावं लागलं नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पापही दोन्हीकडे आहे. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात ८९४ आणि हरियाणात ८३४ मुली होत्या. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा १९९४ पासून असूनही हे आकडे आहेत. ज्या समाजाकडून भुताचं येणं आहे तो समाज रिमेकच्या प्रेक्षकांतही बसलेला आहे. म्हणून 'छोरी' केवळ भाषा बदललेला चित्रपट राहूनही पोकळ होत नाही.

तरीही काहीतरी सुटतं. 'लपाछपी'तली तुळसाबाई मराठी प्रेक्षकाला ओळखीची वाटते. तिचं बोलणं, पदर सावरणं, गरोदर बाईच्या खाण्यापिण्यावरचं लक्ष हे सगळं आपल्या घरातल्या एखाद्या आत्या-मावशीसारखं आहे. माया आणि धाक यांतली रेषा पुसट असल्यामुळे भय उशिरा पण खोल पोहोचतं. 'छोरी'ची भन्नो देवी पहिल्यापासून अधिक ठसठशीत आहे आणि चित्रपटाचा संदेश अधिक उघड. मोठ्या, विखुरलेल्या प्रेक्षकाशी बोलताना ही ठळक रेघ लागते, हे समजण्यासारखं आहे. परंतु ज्या घरात मुलगी नकोशी आहे ते घर वरून प्रेमळच दिसतं, ही 'लपाछपी'ची सर्वांत बोचरी जाणीव त्यात सौम्य होते.

कोकणाचा प्रश्न

'तुंबाड' (२०१८) आणि आदित्य सरपोतदार यांचा 'मुंज्या' (२०२४) हे रूढ अर्थाने रिमेक नाहीत. पण मराठी लोकभयाचं हिंदीत स्थलांतर म्हणून ते याच आढाव्यात येतात. कोकणातल्या भुताखेतांची पद्धतशीर नोंद शंभर वर्षांपूर्वी झाली आहे. ब्रिटिश अधिकारी ए. एम. टी. जॅक्सन यांनी प्रश्नावल्या काढल्या, गावोगावच्या शाळामास्तरांनी उत्तरं पाठवली, आणि १९०९ मध्ये जॅक्सन यांची नाशिकला हत्या झाल्यावर आर. ई. एन्थोवेन यांनी ती संपादित केली. कोकणचा खंड १९१५ मध्ये निघाला. दाभोळसारख्या गावच्या मास्तरांची नोंद त्यात सापडते. वेताळ, देवचार, समंध, ब्रह्मग्रह, गिऱ्हा, खवीस, मुंजा, हडळ, जखीण अशी ही मंडळी आहेत, आणि प्रत्येकाची जागा व मागणी ठरलेली आहे. गिऱ्हा पाण्यापाशी, मुंजा पिंपळावर. गावाच्या राखणदाराला वर्षाची राखण द्यायची, गाऱ्हाणं घालायचं, कौल घ्यायचा. इथलं भय हे गावाच्या व्यवहाराचा भाग आहे. हद्द, हक्क आणि देणं त्यात स्पष्ट असतं.

'मुंज्या'ने यातली एक अट नेमकी उचलली: मुंज झालेला, पण सोडमुंज होण्याआधी मेलेला मुलगा अपुऱ्या इच्छेने अडकतो. पिंपळापाशी बांधलेलं ते भूत रक्ताच्या नात्याने पुण्यापर्यंत पोहोचतं, हा विस्तारही सुसंगत आहे. चित्रपटाने शंभर कोटींचा पल्ला ओलांडला. तरी लग्नाची हाव आणि विनोद यांच्या जोरावर चालणाऱ्या कथेत गावाचा व्यवहार मागे पडतो. मुंजा कोकणाचा राहतो, कोकण मात्र पार्श्वभूमीला जातं.

आक्षेप आणि उत्तरं

या सूत्रावर तीन आक्षेप घेता येतील. पहिला: भीती ही शरीराची गोष्ट आहे. आवाज, अंधार, नेमक्या क्षणी बसलेला धक्का. तिथे समाजाचा हिशेब कशाला? 'शटर'मधला वजनकाट्याचा प्रसंग पाहावा. मान दुखते म्हणून डॉक्टरकडे गेलेल्या छायाचित्रकाराचं वजन घेतलं जातं आणि आकडा त्याच्या सडपातळ अंगाशी जुळत नाही. कोणताही आवाज नाही, अंधार नाही. शेवटी कळतं की ज्या मुलीवर मित्रांनी केलेला अत्याचार त्याने छायाचित्रात पकडला, तीच त्याच्या मानगुटीवर बसली आहे. मग तो आकडा अंगावर येतो. धक्का शरीराला बसतो हे खरं, पण त्याला वजन येतं ते अपराधामुळे.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. 'जु-ऑन'ची कायाको घरात शिरणाऱ्या कोणालाही मारते; तिचं त्यांच्याकडे काहीच येणं नाही. इथे हिशेबाचं सूत्र ताणलं जातं, हे मान्य करायला हवं. एवढंच म्हणता येईल की नवऱ्याने केलेल्या खुनाचं देणं निरपराध लोकांकडून वसूल होणं, हेच त्या चित्रपटाचं भय आहे. हिशेब आहे, न्याय नाही.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. वॉल्टर सॅलेस यांच्या 'डार्क वॉटर'ने मूळ चित्रपटातली एकट्या आईची कोंडी, मुलीच्या ताब्याचा खटला, छतातून ठिबकणारं पाणी आणि शेवटचा त्याग हे सगळं सांभाळलं, तरी प्रेक्षक आले नाहीत. उलट 'भूल भुलैया'च्या पुढच्या भागांनी मुळातला मानसोपचार आणि तंत्रमंत्र यांतला ताण सोडून भूत खरंच आणलं आणि गर्दी खेचली. याचा अर्थ इतकाच की प्रामाणिकपणा आणि गल्ला या दोन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत. एकीने दुसरी खोडता येत नाही.

काय अनुत्तरित आहे

पहिला प्रश्न गरजेचा. उपशीर्षकांची सवय झालेल्या प्रेक्षकाला रिमेक लागतोच का? 'छोरी' ज्या ऑनलाइन माध्यमावर आला तिथे 'लपाछपी'ही उपशीर्षकांसह देशभर दाखवता आला असता. निर्मात्यांना तसं का वाटत नाही, याचं उत्तर भाषांच्या बाजारात आहे आणि ते अजून कोणी नीट शोधलेलं नाही. दुसरा प्रश्न श्रेयाचा. कादंबरीला लेखक असतो, मुंजाला नसतो. गावाने पिढ्यानपिढ्या सांभाळलेल्या गोष्टीचा मोबदला राहो, उल्लेख तरी कोणाच्या नावे करायचा? तिसरा प्रश्न जबाबदारीचा. ज्या राज्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला, तिथे भयपटाने श्रद्धेचं काय करावं? 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेवर २०१६ मध्ये अंधश्रद्धा पसरवल्याचा आणि कोकणाच्या बदनामीचा आक्षेप आला होता. मालवणी बोली घराघरांत नेल्याबद्दल तिचं कौतुकही झालं. दोन्ही बाजूंचं म्हणणं अजून तोडीस तोड उभं आहे.

एवढ्या पुराव्यावरून निष्कर्ष असा निघतो: रिमेक हा गुन्हा नाही आणि मूळ चित्रपट म्हणजे देव्हारा नाही. नव्या प्रेक्षकाच्या समाजात भुताचं येणं कोणाकडे आहे, हे ज्याने शोधलं त्याचा रिमेक टिकला. ज्याने फक्त भुताचे केस आणि विहीर नेली त्याचा विसरला गेला. मराठीपुरतं याचं तात्पर्य सरळ आहे. आपले भयपट आपल्या बोलीत, आपल्या गावांच्या व्यवहारासकट आधी निघाले पाहिजेत, म्हणजे पुढे कोणी रिमेक केलाच तर तुलना करायला भक्कम मूळ असेल. आणि शंभर वर्षांपूर्वी रत्नागिरी जिल्ह्यातल्या शाळामास्तरांनी केलेलं नोंदींचं काम आजच्या शिक्षकांनी, महाविद्यालयांनी आणि ग्रंथालयांनी पुन्हा हाती घ्यावं. प्रत्येक वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांकडून ही कथनं सांगणाऱ्याच्या नावगावासह उतरवून घ्यावीत. चित्रपटवाल्यांना त्यातून सामग्री मिळेल आणि श्रेय कोणाला द्यायचं हेही ठरेल.